डिस्कवर्ल्डचं शेवटचं पुस्तक कपाटात आहे. मालिका संपवायचा हक्क नक्की कुणाचा?

पानखूण

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच.

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटचं 'द शेफर्ड्स क्राउन' ऑगस्ट २०१५ मध्ये आलं. मी त्याच वर्षी घेतलं आणि ते अजून तसंच कपाटात आहे, एक पान उलटलेलं नाही. डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्यांपैकी ४० वाचून झाल्यात, काही तर तीनतीनदा. हे एकच मुद्दाम ठेवलंय कारण हे वाचलं की संपलं, मग 'आपल्याला अजून एक वाचायचंय' असं म्हणायची सोयच राहणार नाही. असं करणारे जगभर खूप वाचक आहेत हे कळलं तेव्हा जरा बरं वाटलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्कवर्ल्ड म्हणजे एक थाळीसारखं सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर. १९८३ मध्ये पहिलं पुस्तक 'द कलर ऑफ मॅजिक' आलं, तेव्हा ती जादूटोणा-तलवारवाल्या कादंबऱ्यांची टिंगल होती. पण पुढे पुढे प्रॅचेटनी त्याच जगात वर्तमानपत्र काढलं, पोस्ट ऑफिस चालवलं, बँक उघडली, सिनेमा काढला, धर्मसंस्था, युद्ध, पोलीस सगळ्यावर लिहिलं, आणि ते वाचताना हसत हसत एकदम पोटात खड्डा पडायचा. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की त्यांना अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार झालाय, वय ५९. १२ मार्च २०१५ ला ते गेले.

आता मुद्दा. त्यांची मुलगी रियाना हिने सांगून टाकलं की 'शेफर्ड्स क्राउन' हे शेवटचं, ती स्वतः पुढे लिहिणार नाही आणि दुसऱ्या कुणाला लिहूही देणार नाही. आणि २०१७ मध्ये त्यांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क, जिच्यात दहापर्यंत अपुऱ्या कादंबऱ्या असाव्यात असं बोललं जातं, ती त्यांच्याच इच्छेनुसार रोडरोलरखाली घातली. खरा जुना वाफेचा रोलर, इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या वाफेच्या इंजिनांच्या जत्रेत.

तेव्हा मला खूप राग आला होता. अजूनही पूर्ण गेलेला नाही. वाचकांनी बत्तीस वर्षं त्या जगात काढली, त्यांचा काहीच हक्क नाही? ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगा, आणि मी ते पुस्तक वाचू का तेही सांगा. स्पॉयलर (म्हणजे पुस्तकात पुढे काय होतं ते फोडणं) चालतील, आधी तसं लिहा फक्त.

रात्रपाळी

धाग्याचं नाव वाचूनच आत आलो. माझंही तसंच आहे, फक्त मी शेवटची पन्नास पानं ठेवलीयेत.

जुनाबाड

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. शेवटची तीनचार पुस्तकं आधीच्यांच्या तोडीची नाहीत. 'नाइट वॉच' (२००२) आणि 'रेझिंग स्टीम' (२०१३) लागोपाठ वाचून बघा. 'नाइट वॉच' मध्ये पोलीसवाला व्हाइम्स दोन शब्द बोलतो आणि चार पोटात ठेवतो, 'रेझिंग स्टीम' मध्ये जो तो अर्धा पान भाषण देतो आणि सगळ्यांचा आवाज एकच येतो. विनोद होता तो वाक्याच्या वळणात होता, शेवटचा शब्द कुठे ठेवायचा यात होता. ते वळणच गेलं मग नुसता चांगुलपणा उरतो. चांगुलपणा मलाही आवडतो पण तेवढ्यासाठी मी डिस्कवर्ल्ड वाचत नव्हतो.

माझ्या मते 'अनसीन अकॅडमिकल्स' (२००९) ला थांबायला हवं होतं. मालिका कधी संपवावी हे कळणं हाही लेखकाच्या कौशल्याचाच भाग.

निळीशाई

@जुनाबाड, तुम्ही म्हणता ते वाचताना मलाही जाणवलं होतं, नाकारत नाही. पण कारण काय होतं ते तर बघा.

त्यांना झाला होता तो पोस्टेरियर कॉर्टिकल अॅट्रॉफी. यात सुरुवातीला स्मरणशक्ती जात नाही, डोळ्यांनी दिसलेलं मेंदूला जुळवता येत नाही. डोळे ठीक असतात पण समोरची वस्तू सापडत नाही, कीबोर्डवरची अक्षरं हरवतात, ओळीवरून नजर सुटते. हे मला पुस्तकातून माहीत नाही, माझ्या मावशीला हाच प्रकार झाला. मावशी सगळं बोलायची, जुन्या कविता धडाधड म्हणायची आणि समोरच्या ताटातली वाटी तिला दिसायची नाही. आम्हाला दोन वर्षं वाटलं चष्म्याचा नंबर बदललाय. वेगळे वेगळे चष्मे झाले, शेवटी कुणीतरी मेंदूचा स्कॅन करा म्हणालं.

तर अशा माणसाने कॉम्प्युटरला तोंडी सांगून कादंबऱ्या लिहिल्यात. सहायक रॉब विल्किन्स शेजारी बसून वाचून दाखवायचे. ज्याला स्वतःचं वाक्य परत वर जाऊन बघता येत नाही त्याच्या हातून वाक्याचं वळण सुटणारच, आणि बोलून लिहिलं की पात्रंही बोलत सुटणार. लांबलांब भाषणं तिथून आलीत असं मला वाटतं. मावशी त्या अवस्थेत होती तेव्हा एक पानभर पत्र सांगायला तिला आख्खी दुपार लागायची, आणि हा माणूस निदानानंतर सात वर्षं जवळजवळ दरवर्षी एक पुस्तक देत होता. 'थांबायला हवं होतं' हे वाक्य मला नाही सहन होत. थांबून काय करायचं होतं त्यांनी?

जुनाबाड

मावशींबद्दल वाचून वाईट वाटलं. आणि बोलून लिहिण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो पटला. 'थांबायला हवं होतं' हे शब्द मागे घेतो. पुस्तकांबद्दलचं मत तेच आहे पण त्यात माणसाला दोष द्यायचा नव्हता.

कासवाच्यापाठीवर

मूळ प्रश्नाकडे येतो, हक्क कुणाचा.

उपहासाची मालिका आणि रहस्याची मालिका यात फरक आहे असं मला फार दिवसांपासून वाटतंय. रहस्यकथेत लेखकाने एक यंत्र तयार करून ठेवलेलं असतं, गुप्तहेर, त्याचा मित्र, एक प्रेत, ते यंत्र दुसरा कुशल माणूस चालवू शकतो. उपहासात यंत्र नसतंच, लेखकाचा संताप असतो. प्रॅचेट चिडके होते हे त्यांना जवळून ओळखणाऱ्यांनीही सांगितलंय, तो राग मिश्किल चेहऱ्याखाली असायचा इतकंच. पहिली नोकरी एका स्थानिक वर्तमानपत्रात, मग वीज मंडळात प्रेस ऑफिसर, त्यांच्या हद्दीत अणुवीज केंद्रं, आणि हे अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्राचा अपघात ताजा असताना. म्हणजे 'काही झालेलं नाही, सर्व सुरळीत आहे' असं लोकांना सांगण्याची जी सरकारी भाषा असते ती त्यांनी आतून बघितलेली. १९८७ मध्ये नोकरी सोडली. पुढे त्यांच्या सगळ्या पुस्तकांत साहेब लोक बोलतात ती भाषा तिथली आहे. हे दुसरा कुठून आणणार? थाळी, हत्ती, कासव, चेटकिणी सगळं उचलता येईल, कशाची चीड आली पाहिजे हे कसं उचलणार.

बुटांचं उदाहरण बघा. 'मेन अॅट आर्म्स' (१९९३) मध्ये व्हाइम्स विचार करतो की श्रीमंत माणूस पन्नास डॉलरचे बूट घेतो आणि दहा वर्षं वापरतो, गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात, ते एखाददोन हंगामांत फाटतात, दहा वर्षांत शंभर डॉलर जातात आणि पाय ओलेच. एवढा एक परिच्छेद. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये जॅक मन्रो यांनी सगळ्यात स्वस्त किराणा किती महागतोय हे मोजायचा निर्देशांक काढायचं ठरवलं तेव्हा त्याला व्हाइम्सच्या बुटांचं नाव दिलं, आणि प्रॅचेटच्या कुटुंबाने लगेच परवानगी दिली. म्हणजे पुढचं पुस्तक लिहायला नाही म्हणणारे लोक या गोष्टीला हो म्हणाले. मला यात त्यांची भूमिका एकदम स्वच्छ दिसते.

वाचकक्रमांकसहा

+१. 'मेकिंग मनी' पण बघा. सोन्याच्या साठ्यावर नाही तर विश्वासावर पैसा चालतो आणि बँकेच्या तिजोरीत सोनं आहे की नाही हे कुणी बघत नाही तोवर सगळं छान, हे पुस्तक २००७ च्या सप्टेंबरमध्ये आलं. वर्षभरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

मधली_ओळ

दुसरी बाजू मांडते. 'दुसऱ्याने लिहू नये' हा नियम केला की काय होतं ते इतर मालिकांमध्ये बघूया.

डग्लस अॅडम्सची 'हिचहायकर' ही विनोदी विज्ञानकथांची मालिका. पाचवं पुस्तक 'मोस्टली हार्मलेस' १९९२ चं, त्याचा शेवट इतका काळाकुट्ट आहे की सगळ्या समांतर विश्वांमधल्या सगळ्या पृथ्व्या नष्ट. अॅडम्सनी नंतर स्वतः सांगितलं की ते वर्ष त्यांच्यासाठी वाईट होतं, पुस्तक फारच उदास झालं, सहावं लिहून जरा बऱ्या जागी संपवावं असं वाटतं. मे २००१ मध्ये अचानक हार्ट अटॅक, वय ४९. पुढे त्यांच्या पत्नीच्या परवानगीने ओइन कोल्फरनी २००९ मध्ये सहावं लिहिलं. मी ते वाचलं, मला आवडलं नाही, पण ते असण्याचा मला त्रासही झाला नाही. ज्यांना त्या काळोखात मालिका सोडवत नव्हती त्यांना एक दार मिळालं.

आणि सू टाऊनसेंड. एड्रियन मोल या काल्पनिक पोराच्या डायऱ्या १९८२ पासून, पोरगा पावणेचौदाचा असतो तिथून चाळिशीपर्यंत, आणि त्याच्या मागे थॅचर ते ब्लेअर ते ब्राउन सगळा ब्रिटन. २००९ च्या पुस्तकात एड्रियनला प्रोस्टेटचा कॅन्सर. बाईंची स्वतःची दृष्टी मधुमेहाने गेलेली, त्याही तोंडी सांगून लिहायच्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पुढचं पुस्तक नाही. मला अजून वाटतं कुणीतरी एड्रियनला पन्नाशीचा करावा, फक्त तो जगला एवढं कळावं. हे चूक आहे का? वाचकाचा हक्क म्हणत नाही मी, पण वाचकाची ओढ तरी खरी आहे ना.

पानखूण

@मधली_ओळ, अगदी हेच. 'ओढ' हा शब्द मला सापडत नव्हता. मी हक्क म्हणून बसले.

जुनाबाड

ओढ खरी, पण चिमणराव आठवा. चि. वि. जोशी गेले १९६३ मध्ये. नंतर चिमणराव-गुंड्याभाऊ टीव्हीवर आले, लोकांनी डोक्यावर घेतले, पण ते चि. विं.च्याच गोष्टींवर उभे होते. नवा चिमणराव लिहून पुढे चालवावा असं कुणाला फारसं सुचलं नाही आणि त्यामुळे चिमणराव काही कमी झाला नाही. जुना पुन्हा सांगणं आणि नवा बनवणं यात मला फार अंतर वाटतं.

सर्व्हरवाला

माझा पुस्तकांचा अभ्यास तुमच्याइतका नाही, पण एक गोष्ट सांगायचीच आहे.

'गोइंग पोस्टल' (२००४) मध्ये क्लॅक्स म्हणून मनोऱ्यांची साखळी आहे, झडपा उघडमिट करून मनोऱ्यावरून मनोऱ्यावर निरोप जातात. या मनोऱ्यांवर काम करताना मेलेल्या तरुणाचं नाव त्याचे सहकारी साखळीत सोडतात आणि पुढे खूण लावतात, जी एन यू. जी म्हणजे पुढे पाठवा, एन म्हणजे नोंद करू नका, यू म्हणजे टोकाला पोचलं की उलट फिरवा. असं ते नाव कायम मनोऱ्यांच्या साखळीत फिरत राहतं, त्यांच्यात म्हण आहे की ज्याचं नाव अजून घेतलं जातंय तो मेलेला नाही.

प्रॅचेट गेल्यावर काही दिवसांतच लोकांनी वेबसाइट्सच्या सर्व्हरमध्ये एक हेडर टाकायला सुरुवात केली, एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड, आणि त्यात जीएनयू टेरी प्रॅचेट. पान उघडणाऱ्याला ते दिसत नाही, ब्राउझर आणि सर्व्हर आपापसात बोलतात त्यात ते जातं. मी सांभाळतो त्या सर्व्हरवर २०१५ पासून आहे. मशीन तीनदा बदललं, प्रत्येक वेळी पहिली ती ओळ टाकली आणि मग बाकीचं.

पानखूणताई, वाचकांचा हक्क काय असं तुम्ही विचारलंत ना, मला वाटतं हा आहे. हे करायला कुणाची परवानगी लागली नाही आणि कुणी थांबवलंही नाही.

रात्रपाळी

हे वाचून गप्प बसलो पाच मिनिटं.

वाचकक्रमांकसहा

शंका: मग २०२३ मध्ये आलेलं 'अ स्ट्रोक ऑफ द पेन' कसं चाललं? त्यात तर सापडलेल्या जुन्या कथा आहेत. हार्ड डिस्क चिरडायची आणि जुन्या कथा छापायच्या हे विसंगत नाही का?

कासवाच्यापाठीवर

नाही वाटत. त्या कथा त्यांनी तरुणपणी दुसऱ्या नावाने वर्तमानपत्रात छापलेल्या होत्या, वाचकांनी जुने अंक धुंडाळून शोधल्या. लेखकाने एकदा स्वतः 'हे झालं, छापा' म्हटलेलं लेखन आहे ते. डिस्कवर जे होतं त्यावर तो शब्द पडलेला नव्हता. अपुरं हस्तलिखित छापलं की काय होतं ते वुडहाऊसच्या 'सनसेट अॅट ब्लँडिंग्ज' मध्ये दिसतं, बावीसपैकी सोळा प्रकरणं झालेली असताना १९७५ मध्ये ते गेले, वय ९३, आणि १९७७ मध्ये आहे तसं टिपणांसकट छापलं. अभ्यासकाला ते फार मोलाचं. पण वुडहाऊसचे विनोद ते परत परत घासून चमकवायचे, आणि तिथे ते घासण्याआधीचे आहेत. मला वाचताना कुणाच्या घरी न सांगता सकाळी सहाला गेल्यासारखं वाटलं.

निळीशाई

स्पॉयलर. 'शेफर्ड्स क्राउन' चा शेवटही सांगतेय. नको असेल त्यांनी खालचा प्रतिसाद सोडा.

पानखूण, तुम्ही चालेल म्हणालात म्हणून.

ग्रॅनी वेदरवॅक्स ही म्हातारी चेटकीण सुरुवातीलाच मरते. तिला कळलेलं असतं. म्हणून ती घर घासून पुसून लख्ख करते, संडाससुद्धा, वेताची टोपली विणते आपल्याला ठेवायला, आंघोळ करते आणि जाऊन पडते. घर टिफनी एकिंग या तरुण चेटकिणीला देते. मृत्यू तिला न्यायला येतो, आणि हा मृत्यू म्हणजे ४१ पैकी ३९ पुस्तकांत आलेलं तेच पात्र, त्यामुळे तो आपल्याही ओळखीचा झालेला असतो. मी मावशीच्या खोलीत बसून ते प्रकरण वाचलं.

अजून एक होतं, लिहायचं राहून गेलेलं. त्यांचे लेखकमित्र नील गेमननी सांगितलंय की प्रॅचेटच्या डोक्यात होतं की ग्रॅनीने आपला जीव तिच्या मांजरीत ठेवलेला असावा, आणि अगदी शेवटी ती म्हणेल की आता मी माझ्या मर्जीने निघते, आणि मग जाईल. ते लिहून झालं नाही. हा तोच माणूस ज्याने २०१० मध्ये बीबीसीच्या व्याख्यानात मांडलं की आजारी माणसाला आपला शेवट स्वतः ठरवू द्या, आणि भाषण वाचता येत नव्हतं म्हणून पुढचं अभिनेते टोनी रॉबिन्सन यांनी वाचून दाखवलं. स्वतःच्या मर्जीने निघायचं एवढंच तर ते सांगत होते, माणसाबद्दलही आणि ग्रॅनीबद्दलही. ते स्वतः घरीच गेले, पलंगावर मांजर झोपलेली होती.

हार्ड डिस्क मला त्याच ओळीत दिसते. आजाराने वाचणं नेलं, टाईप करणं नेलं, वाक्याचं वळण नेलं. एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात राहिली होती, आपल्यामागे काय राहील.

आणि शेवट असा आहे. टिफनीला ग्रॅनीचं घर मिळतं, सगळ्यांना वाटतं ही आता नवी ग्रॅनी. ती प्रयत्न करते, दोन गावं सांभाळताना दमून जाते, आणि शेवटी ते घर दुसऱ्याला देते, जेफ्री नावाच्या मुलाला. आपल्या टेकडीवर परत जाऊन स्वतःच्या हाताने स्वतःची झोपडी बांधते. आपल्या सख्ख्या आजीच्या (ग्रॅनीच्या नाही) जुन्या झोपडीची लोखंडी चाकं तेवढी वापरते.

रियानाने 'मी पुढे लिहिणार नाही' म्हटलं तेव्हा मला हेच आठवलं. ती स्वतः लेखक आहे, व्हिडिओ गेम्सच्या कथा लिहिते, तिची झोपडी तिने आधीच बांधलीय. बापाने शेवटच्या पुस्तकात वारशाबद्दल हे लिहून ठेवलं असताना तिने दुसरं काय करायला हवं होतं?

मधली_ओळ

चाकांचं मी पूर्ण विसरले होते. एड्रियनबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे, पण प्रॅचेटबद्दल आता वाद घालणार नाही.

जुनाबाड

@निळीशाई, ते ग्रॅनीचं प्रकरण परत काढून वाचलं आत्ता. तिथे कुणी भाषण देत नाही. वाक्यं छोटी आहेत, प्रत्येक शब्द जागच्या जागी. म्हणजे शेवटपर्यंत जमत होतं, जिथे फार महत्त्वाचं होतं तिथे. मी सरसकट लिहिलं ते चूक होतं.

पानखूण

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण वाचत होते.

निळीशाई, तुमचा स्पॉयलर वाचूनही रडू आलंच. संडास घासते तिथे आलं, मरते तिथे नाही. पुस्तकाच्या मागच्या पानांत विल्किन्सनी लिहिलंय की त्याला सुरुवात, मध्य, शेवट आहे पण वेळ मिळता तर प्रॅचेटनी अजून लिहिलं असतं, आणि ते जाणवतं. काही प्रकरणं घाईत आहेत, परी लोकांशी लढाई फार पटकन उरकते. जुनाबाड यांना ती खटकेल. मला ती कच्ची जागा बघून वेगळंच वाटलं, इथपर्यंत त्यांचा हात पोचला होता असं.

रोलरचा राग गेला असं नाही म्हणणार. त्या डिस्कवर काय होतं हे मला मरेपर्यंत जाणून घ्यावंसं वाटेल. पण ते माझं आहे, त्यांच्यावर टाकायचं नाही एवढं कळलं.

सर्व्हरवाला, माझा एक छोटा ब्लॉग आहे, त्यात ती ओळ कशी टाकायची ते सांगाल का? मला यातलं काही येत नाही, अगदी पहिल्यापासून सांगावं लागेल.

सर्व्हरवाला

सांगतो की. ब्लॉग कशावर चालतो आणि होस्टिंग तुमचं स्वतःचं आहे की फुकटचं, एवढं व्यक्तिगत निरोपात कळवा. फुकटचं असेल तर हेडर बदलता येत नाही बहुतेक वेळा, पण पानाच्या कोडच्या वरच्या भागात एक मेटा टॅग (वाचणाऱ्याला न दिसणारी ओळ) टाकता येतो, तोही चालतो. दहा मिनिटांचं काम आहे.